अमेरिकेची आई

मुकुंदला मागं ठेवून जायचं ठरलं तेव्हा तो जेमतेम अडीच वर्षांचा होता. हे ठरवलं कुणी, असं पुढं कुणी विचारलं असतं तर लोणावळ्यातल्या बायकांनी माधवरावांकडंच बोट दाखवलं असतं. नवऱ्याला कंपनीनं अमेरिकेला धाडलं, मग बायको बिचारी काय करणार, असं त्या म्हणत. सुनेत्रानंही तो समज कधी खोडून काढला नाही. पण खरी गोष्ट तशी नव्हती.

माधवराव सोवनी वीज कंपनीत इंजिनिअर होते. वळवणच्या धरणाचं पाणी घाटाखाली खोपोलीला नेणारे जे प्रचंड नळ आहेत, त्यांची देखभाल त्यांच्याकडं असे. तेहेतीस साली कंपनीनं त्यांना नवी यंत्रं शिकून यायला दीड-दोन वर्षांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवायचं ठरवलं. माधवराव एकटेच जायला तयार होते. सुनेत्राच एके दिवशी ताटं वाढता वाढता म्हणाली, "मीही येते."

"आणि मुकुंद?"

"वन्सं आहेत की. त्यांच्याकडंच तर असतो दिवसभर."

वन्सं म्हणजे माधवरावांची थोरली बहीण, अनसूया. लग्नानंतर वर्षभरात, सासरचं घर नीट पाहायच्या आधीच विधवा होऊन ती माहेरी परतली होती. आईवडील गेल्यावर भावाकडं आली. कमी बोलायची, स्वयंपाक सुरेख करायची, आणि मुकुंद झाल्यापासून तिच्या खांद्यावर तो नाही असा प्रहर विरळा.

माधवरावांनी बहिणीला विचारलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मी बघेन त्याला," म्हणाली. मग जरा थांबून सुनेत्राकडं बघत म्हणाली, "पण तुझा पाय निघेल का गं?"

पाय निघाला. सुनेत्रा तेव्हा चोवीस वर्षांची होती. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेली, पुढं शिकायची हौस लग्नात विरून गेलेली. घाटातून खाली जाणारी गाडी रोज तिच्या कानावर पडे आणि रोज तिला वाटे, सगळे कुठं ना कुठं जाताहेत. मुकुंदला जन्मापासून दम्याचा त्रास होता. महिनाभराच्या बोटीच्या प्रवासात त्याला नेणं धोक्याचं आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते ऐकून आपल्याला वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखं वाटलं, हे तिला त्या वेळीही कळलं होतं.

निघायच्या दिवशी शेजारणींनी सल्ला दिला, पोराला कळू देऊ नका, आकांत करील. दुपारी तो झोपलेला असतानाच टांगा दाराशी आला. सुनेत्रा त्याच्या गादीपाशी वाकली. त्याची मूठ अनसूयेच्या पदरात अडकली होती, म्हणून अनसूया तशीच त्याच्याजवळ आडवी पडून राहिली होती. तिनं नुसत्या डोळ्यांनीच 'जा' म्हटलं.

*

तिकडं गेल्यावर पहिले तीन महिने सुनेत्रा रोज रडली. मग हळूहळू रडणं कमी झालं. एवढं कमी झालं की एके रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज दिवसभरात मुकुंदची आठवणच झाली नाही. ती दचकून उठून बसली. पण दचकणंसुद्धा पुढं सवयीचं होतं.

त्यांच्या घरमालकिणीनं तिला जवळच्या कॉलेजातल्या शिशुशाळेचा अभ्यासक्रम दाखवला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं कसं, त्यांच्या रडण्याचा अर्थ काय, हट्टाचा अर्थ काय, हे सगळं तिथं शास्त्र म्हणून शिकवत. सुनेत्रानं नाव घातलं आणि वर्गात ती चमकली. परक्या देशातली गोरी गोमटी मुलं तिच्या साडीच्या निऱ्यांशी खेळत, तिच्या मांडीवर झोपत. तिला शिकवणाऱ्या बाई म्हणत, मुलांना समजून घ्यायची तुझ्याकडं उपजत देणगी आहे. सुनेत्रा ते लोणावळ्याला कळवायची. उत्तरात अनसूया लिहायची, मुकुंदला खोकला झाला होता, आता बरा आहे. मुकुंद भुशीच्या दूधवाल्या विठाबाईच्या म्हशीला घाबरत नाही. मुकुंदनं पाटीवर श्री काढला.

पस्तीस सालच्या जुलैत माधवरावांचं काम संपत आलं. तेव्हाच तिथल्या कंपनीनं त्यांना विचारलं, आणखी दोन वर्षं राहाल का? मोठं धरण होतंय, शिकायला मिळेल. मुंबईच्या साहेबांचीही हरकत नव्हती. माधवरावांनी सुनेत्राला सांगितलं आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं. तुला परतायचं असेल तर पुढच्या महिन्यात जपानमार्गे बोट आहे. पुण्याचं एक जोडपं त्या बोटीनं चाललंय, त्यांची सोबत होईल. मी नंतर येईन."

ती म्हणाली, "दोन दिवस विचार करते."

त्याच रविवारी माधवरावांचे एक स्नेही सपत्नीक त्या दोघांना आपल्या मोटारीतून समुद्रकाठी घेऊन गेले. तिथला किनाऱ्याचा एक तुकडा सरकारनं नुकताच राखीव केला होता. तिथं झाड तोडायचं नाही, दगड हलवायचा नाही, जनावराला हात लावायचा नाही. लोक लांबून येत ते सी लायन बघायला.

"सी लायन म्हणजे समुद्रातले सिंह," माधवराव मोटारीत सांगत होते.

उतरल्यावर आधी आवाजच आला. धुकं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं, पण धुक्याच्या आतून शेकडो कुत्री एकदम भुंकावीत तसा कल्लोळ चालला होता. वाऱ्याला कुजक्या मासळीचा आणि शेवाळाचा वास. वाकड्यातिकड्या सुरूसारख्या झाडांमधून पायवाट कड्याच्या टोकाशी गेली, आणि तिथं पोचेतोवर धुकं वर सरकलं. खाली, पाण्यातून वर आलेल्या काळ्या खडकांवर ती जनावरं पसरली होती. एकमेकांच्या अंगावर, पाठीवर, मानेवर.

सुनेत्राला हसू आलं. "सिंह कसले हो! आपल्या इंद्रायणीच्या डोहात म्हशी बसतात ना, तशा दिसताहेत."

माधवरावही हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं असे मोकळे हसले होते. स्नेह्यांनी दुर्बीण दिली. सुनेत्रानं ती डोळ्यांना लावली आणि मग बराच वेळ खाली केली नाही.

दुर्बिणीतून म्हशी राहिल्या नाहीत. एकेकीला चेहरा आला. मिशा, ओले गोल डोळे, पोटाशी काळीभोर पिलं. एक मादी लाटेबरोबर खडकावर चढली, अंग झाडलं आणि मान वर करून ओरडली. खडकावर शंभर पिलं असतील, सगळी करडासारखी बेंबें करत होती. पण त्यातलं एकच उठलं, धडपडत, इतरांना तुडवत तिच्याकडं निघालं. दोघांनी नाकाला नाक लावलं. मग मादी आडवी झाली आणि पिलू प्यायला लागलं.

तिथं राखणीला एक म्हातारा रक्षक होता, टोपीवाला. तो सुनेत्राच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि इंग्रजीत सांगू लागला. आया दोन-दोन, तीन-तीन दिवस समुद्रात मासे धरायला जातात. परत आल्या की हाक मारतात. पिलू आवाज ओळखतं, आई वास ओळखते. चुकत नाहीत.

"आणि ते?" सुनेत्रानं बोट दाखवलं.

खडकाच्या खालच्या अंगाला एक पिलू एकटंच होतं. बाकीच्यांपेक्षा बारीक. ते एका मादीजवळ गेलं. तिनं मान वळवून त्याला हुंगलं आणि दात दाखवून फटकारलं. ते मागं सरलं, थोडा वेळ पडून राहिलं, मग दुसरीकडं गेलं. तिनं तर त्याला मानेला धरून बाजूला भिरकावलं.

"त्याची आई आलेली नाही," रक्षक म्हणाला. "पाच-सहा दिवस झाले."

"मग?"

"येईलही. कधीकधी उशिरा येतात."

"आणि नाही आली तर? दुसरी कुणी नाही घेत त्याला?"

"बहुतेक नाही घेत," म्हातारा म्हणाला. मग जरा विचार करून, "पण एखादी घेतेसुद्धा. जिचं स्वतःचं गेलेलं असतं, अशी एखादी. मी पाहिलंय."

"आणि मग खरी आई परत आली तर?"

ह्यावर म्हाताऱ्यानं खांदे उडवले. ते काही त्यानं पाहिलेलं नव्हतं.

सुनेत्रानं दुर्बीण माधवरावांच्या हातात दिली. ती झाडाला टेकून उभी राहिली आणि रडू लागली. आवाज न करता, पण असं की स्नेह्यांच्या बायकोला पुढं होऊन तिला धरावं लागलं. माधवराव जवळ आले. म्हणाले, "अगं, तू जा. खरंच जा. मी उद्याच बोटीच्या ऑफिसात जातो."

"हो," ती म्हणाली. "जाते मी."

परतीच्या वाटेवर मोटारीत ती मनानं लोणावळ्याला पोचलीसुद्धा. मुकुंद साडेचार वर्षांचा झाला असेल. आपण स्टेशनावर उतरलो की तो पळत येईल. आवाज ओळखेल.

सोमवारी ती शिशुशाळेत गेली, अभ्यासक्रम सोडायचाय हे सांगायला. तिच्या बाईंनी तिला समोर बसवून घेतलं. आणखी दीड वर्ष राहिलीस तर पदविका हातात पडेल, तुझ्या देशात अशी बाई सध्या एखादीच असेल, शेकडो मुलांचं भलं करशील, असं त्या म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. सुनेत्रा घरी आली तेव्हा माधवराव कोट चढवत होते, बोटीच्या ऑफिसला निघाले होते.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "वन्संकडं तो सुखात आहे. साडेचार काय नि सहा काय. एकदमच जाऊ आपण."

माधवरावांनी तिच्याकडं पाहिलं. कोट काढून खुंटीला लावला.

पुढं आयुष्यभर सुनेत्राला तो खुंटीवरचा कोट आठवत राहिला. ते एकदा जरी म्हणाले असते, अगं, काल तू रडत होतीस! पण ते कशाला म्हणतील? त्यांनी सारं तिच्यावर सोपवलं होतं, आणि तिनं ठरवलं होतं.

*

सदतीसच्या दिवाळीनंतर दोघं परत आली. मुंबईला बोटीतून उतरून दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला पोचली. घाट चढताना सुनेत्रा खिडकीशी उभीच होती. तिनं मुकुंदसाठी किल्लीची आगगाडी आणली होती, चित्रांची पुस्तकं आणली होती, आणि पहिली भेट कशी घ्यायची ते शास्त्राप्रमाणं ठरवून ठेवलं होतं. मुलावर झडप घालायची नाही. खाली बसायचं, त्याच्या उंचीला यायचं, त्यानं यायची वाट बघायची.

फलाटावर अनसूया उभी होती. केस कानशिलाशी पांढरे झाले होते. तिच्या शेजारी धुतलेला सदरा घातलेला, भांग काढलेला एक उंचेला मुलगा. सुनेत्रा खाली बसली. हात पुढं केले. "मुकुंदा," म्हणाली.

मुलानं अनसूयेकडं पाहिलं. "जा, जा," अनसूयेनं त्याला पुढं ढकललं. तो आला, शिकवल्याप्रमाणं वाकून नमस्कार केला, वडिलांनाही केला. मग मागं वळून, चांगला मोठ्यानं, त्यानं विचारलं, "आई, हीच ना अमेरिकेची आई?"

अनसूयेचा चेहरा पांढराफटक पडला. टांग्यात बसल्यावर ती कुजबुजत म्हणाली, "मी नाही गं शिकवलं. देवाशपथ. रोज तुझा फोटो दाखवत होते, ही तुझी आई म्हणून. त्यालाच कधी... मला कळलंच नाही."

"असू दे हो वन्सं," सुनेत्रा म्हणाली. तिला वाटलं, आठ दिवसांत सुरळीत होईल.

आठ दिवस गेले, महिना गेला. मुकुंदनं आगगाडी घेतली, पुस्तकं घेतली. सुनेत्रा विचारी त्याला उत्तर देई. पण पडला, खरचटलं, भूक लागली, शाळेत बक्षीस मिळालं, की पाय आपोआप स्वयंपाकघराकडं. "आई गं!" ही हाक सुनेत्रा माजघरातून ऐके आणि ती हाक तिला ओलांडून आत जाई.

भुशीची विठाबाई रोज सकाळी दूध घालायला यायची. तिनं एकदा बघितलं आणि सुनेत्राला म्हणाली, "मनाला लावून घेऊ नगासा, बाई. वासरू दुसऱ्या गायीला लागलं की सोडवाया दिस लागत्यात. पर एक सांगू का? त्या अनसूयाबायनी लय केलंया हो त्येच्यासाठनं. दम्याची उबळ आली का रातभर मांडीवर घिऊन बसायच्या. म्या सकाळच्याला यायची तर तशाच बसल्याल्या दिसायच्या."

विठाबाईला वाईट बोलायचं नव्हतं. पण सुनेत्राला ते लागलं, आणि लागलेलं चुकीच्या बाजूनं निघालं. त्या दुपारी ती अनसूयेला म्हणाली, "वन्सं, त्याला आता तुम्हांला आत्या म्हणायची सवय लावा. त्याच्याच भल्याचं आहे. मुलाच्या मनात असा गोंधळ राहणं बरं नव्हे."

"बरं," अनसूया म्हणाली.

तिनं ते कसं करायचं ठरवलं, हे सुनेत्राला दुसऱ्या दिवशी दिसलं. मुकुंद शाळेतून आला. "आई," म्हणाला. अनसूया दाराकडं पाठ करून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आई, आज ना..." काही नाही. "आई!" तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "आई! आई!" अनसूया सूप हलवत राहिली. तिचे खांदे थरथरत होते, पण हे तिच्या समोर जाऊन पाहावं एवढी त्या मुलाला समज नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला. मग सुनेत्राच्या समोरूनच, तिच्याकडं न बघता, परसदारी जाऊन फणसाखाली बसला.

आत्या मात्र तो म्हणालाच नाही. त्या दिवसापासून त्यानं कुणालाच काही म्हणायचं सोडलं. हवं ते येऊन सांगे, हाक न मारता.

सुनेत्रा शिशुशाळेत हेसुद्धा शिकली होती. मूल गप्प झालं तर काय करावं, याचं एक अख्खं प्रकरण होतं. एका संध्याकाळी ती त्याला एकट्याला घेऊन वळवणच्या धरणाकडं फिरायला गेली. दोघं पाण्याकाठी बसली. थंडीचे दिवस, पाणी काचेसारखं स्तब्ध. बोलायला काही सुचेना म्हणून ती सी लायनची गोष्ट सांगू लागली. धुकं, भुंकण्याचा कल्लोळ, म्हशींसारखी पसरलेली जनावरं. मुकुंद रंगून गेला. पहिल्यांदाच तो आपणहून प्रश्न विचारत होता. त्यांना कान असतात का? चावतात का? सुनेत्राला भरून आलं. ती सांगत गेली आणि सांगण्याच्या भरात त्या एकट्या पिलापाशी येऊन ठेपली. आता थांबावं, असं तिला वाटलं, पण मुलगा तिच्या तोंडाकडं बघत होता.

"मग त्याचं काय झालं?"

"त्याची आई आली असेल नंतर. आयांना आपलं पिलू बरोबर सापडतं. कितीही दिवस झाले तरी."

"आणि तोवर?"

"तोवर त्याला एकटंच राहावं लागलं. दुसऱ्या आया परकं पिलू घेत नाहीत, मुकुंदा."

म्हाताऱ्या रक्षकाचं अर्धंच बोलणं तिनं सांगितलं होतं.

मुकुंदनं पाण्याकडं पाहत थोडा विचार केला. "घेतात," तो म्हणाला. "मला घेतलं ना."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. चुकलेलं गणित दुरुस्त करावं तसा तो बोलला होता. अंधार पडायला लागला तेव्हा ती उठली, त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

वाटेत तिनं मनाशी ठरवलं. घरी जायचं, वन्संना सांगायचं, माझं चुकलं. त्याला म्हणू दे काय म्हणायचं ते. एका घरात दोन आया असल्या म्हणून कुणाचं काय बिघडतं?

घरी आली तर अनसूया भावाशी बोलत बसली होती. पुण्याला बायकांच्या एका आश्रमात तिनं चौकशी केली होती. तिथं अनाथ लहान मुलांकडं बघायला बाई हवी होती. ती सोमवारी निघणार होती.

"हे काय, वन्सं?" सुनेत्रा म्हणाली.

"मी इथं असेतोवर तो तुझा व्हायचा नाही," अनसूया म्हणाली. "आणि त्याला ओ न देता मला राहवायचं नाही. मी करून बघितलं. नाही जमत मला."

"जाऊ नका. राहा ना इथंच."

सुनेत्रानं म्हटलं खरं. पण कसं म्हटलं ते तिचं तिलाच ठाऊक. पाहुणा निघाला की म्हणतात तसं. वाटेत ठरवून आणलेलं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थबकलं, कारण तिच्या मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक आवाज म्हणाला, जाऊ दे. ह्या गेल्या की तो माझाच आहे. तो आवाज तिनं स्पष्ट ऐकला. डॉक्टरांनी मुकुंदला नेऊ नका म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं होतं ना, तशातलाच तो होता. अनसूया वाट बघत होती. जरा वेळ तिनं सुनेत्राच्या तोंडाकडं पाहिलं, मग उठून पानं घ्यायला गेली.

"तो शाळेत गेल्यावर निघ, म्हणजे त्रास होणार नाही," माधवराव बहिणीला म्हणाले.

"नाही रे," अनसूया आतून म्हणाली. "मी त्याला सांगून जाणार."

तिनं सांगितलं. सोमवारी मुकुंद तिच्याबरोबर स्टेशनावर आला. आधी रडला नाही. गाडी हलल्यावर मात्र असा काही ओरडत सुटला की हमालसुद्धा थांबून बघू लागले. सुनेत्रानं त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. तो धडपडून थकला आणि शेवटी तिच्याच अंगावर डोकं टाकून हुंदके देत राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. लेकाला उराशी धरायला मिळालं ते असं.

*

मुकुंदला आठ वर्षं पुरी झाल्यावर त्याची मुंज केली. तोवर तो सुनेत्राला आई म्हणू लागला होता. ती हाक मारावी असं घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा गुणी होता, अभ्यासात पहिला, सांगितलेलं ऐकणारा. उलटून बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. सुनेत्रानं लोणावळ्यात लहान मुलांची शाळा काढली होती. घाटावरच्या बंगल्यांतले लोक लांबून मुलं पाठवत आणि बाईंचा हात लागला की कसलंही हट्टी मूल माणसात येतं, असं म्हणत. घरी तिचा स्वतःचा मुलगा कधी हट्टच करत नव्हता. कुठल्याही गोष्टीसाठी.

मुंजीला अनसूया आली. आश्रमातली दोन लहान मुलं सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तीही बरोबर आणली. विधवेनं पुढं यायचं नाही हा रिवाज, म्हणून ती मागच्या खोलीतच कामाला लागली. मुकुंद तिला भेटायला गेला तो बराच वेळ आला नाही. गुरुजींनी मातृभोजनाची वेळ झाल्याचं सांगितलं. मुंजीआधी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो, ते जेवण. चांदीचं ताट मांडलं, रांगोळी काढली, शेजारीपाजारी बायका जमल्या.

सुनेत्रा पाटाशी उभी राहिली. मग वळून सरळ मागच्या खोलीत गेली.

"वन्सं, तुम्ही बसा त्याच्याबरोबर."

अनसूया कणीक मळत होती. "वेडी का काय तू?"

"कोण काय म्हणेल ते म्हणू दे. गुरुजींना मी सांगते. हे ताट तुमचं आहे. मागं एकदा मी तुम्हांला राहा म्हटलं होतं, तेव्हा ते मनापासून नव्हतं. आज मनापासून म्हणतेय."

"ठाऊक होतं मला," अनसूया म्हणाली. तिनं हाताला लागलेली कणीक सावकाश खरवडून काढली. "पण आता उशीर झाला गं. तो तुला आई म्हणतो. ती हाक बसायला त्याला किती जड गेलं असेल, तुलाही ठाऊक आहे, मलाही. मी आज बाहेर येऊन त्या ताटावर बसले तर पोरगं पुन्हा पहिल्यापासून तुटेल. जा. बायका खोळंबल्यात."

सुनेत्रा बाहेर आली आणि पाटावर बसली. मुकुंदला शेजारी बसवलं. त्याचे डोळे लाल दिसत होते. तिनं पुरीचा घास मोडून, बासुंदीत बुडवून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड उघडलं. दुसरा घास दिला, तोही घेतला. तिसऱ्या घासाला हळूच म्हणाला, "पुरे, आई." बायका कौतुकानं हसल्या. किती शहाणा मुलगा, कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी उठायची खूण केली. उठताना मुकुंदनं ताटातला एक लाडू उचलला, मुठीत धरला आणि परवानगीसाठी सुनेत्राकडं पाहिलं. ती मान हलवून 'जा' म्हणाली. तो बायकांच्या मधून वाट काढत मागच्या खोलीकडं गेला. जाताना पळाला नाही. पण दाराशी पोचल्यावर मात्र पळालाच.

सुनेत्रा उष्ट्या ताटावर तशीच बसून राहिली. बायकांनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आली. मग तिनं पाट उचलला, ताट उचललं, आणि मुकुंदच्या मुंडणासाठी न्हाव्याला बोलवायला सांगितलं.